पायातली नाडी

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिचा आंबाडा. बांधला मी, आणि वाकडा झालाय हे सांगायचं काम तिने केलं.

माघ महिना होता. ओटीवर ऊन आलं होतं. ती खालच्या पायरीवर, मी वरच्या पायरीवर, खोबरेलाची वाटी बाजूला. मी फणी ओढली तशी ती कळवळली.

"अवो, डोकं हाय ह्ये. भाताची पेंढी नाय."

"बापाने पेंढीच बांधायला शिकवलं. आंबाडा नाय शिकवला."

"सहा वरसं बांधताय. येवढ्यात म्हस पन शिकली असती."

मी केसांना पीळ दिला, गुंडाळले, आकडा खोचला. तिने मागे हात नेऊन चाचपलं नाही, कारण हात वर न्यायचा हाच तर तिचा त्रास होता. नुसती मान हलवून बघितली. "डावीकडं पडतोय. ऱ्हाऊ दे. उद्या नीट बांधा."

मग तिने वाल निवडायला सूप पुढ्यात ओढलं आणि मी कोयता घेऊन कवळ तोडायला निघालो. कवळ म्हणजे झाडाच्या डहाळ्या. त्या वाळवायच्या, शेणागवताबरोबर जमिनीच्या एका तुकड्यावर पसरून भाजायच्या, आणि त्या भाजलेल्या जागेत भाताचं रोप टाकायचं. त्या तुकड्याला आम्ही राब म्हणतो. माघात आमच्याकडचा प्रत्येक बाप्या झाडावर असतो.

रोज निघण्याआधी मी आणखी एक काम करायचो. तिचा पाय हातात घ्यायचो. त्या दिवशी ती म्हणाली, "आज नको. ऊन वर आलं, जावा." मी गेलो.

हे पाय हातात घ्यायचं काय प्रकरण, ते सांगतो.

आमची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला, चढावर. पाच-सात घरं. खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरीचं रान. घरात आम्ही तिघं. मी, ती आणि माझी आई. मूल झालं नाही. आई कामाला दोन बायांना भारी आणि तोंडाने चार बायांना.

सहा वर्षांपूर्वी हिचा डावा हात मरायला लागला. आधी नव्हतं तसं काही. भात कांडायला मुसळ उचललं की दहा घावांत हात शिशाचा व्हायचा. थांबली की परत जिता. केस विंचरायला हात वर धरला तरी तेच. आई म्हणायची, "कामाला मरनारा हात तेवढा डावाच कसा गो? उजव्याने जेवतीस ना पोटभर?" ही हसायची. मीही हसायचो. मला काय ठाऊक.

त्या कार्तिकात झोडणी चालू होती. पेंढी डोक्यावरून फिरवून फळीवर आपटायची, दाणे खाली पडतात. तिसऱ्या भाऱ्याला हिने पेंढी वर नेली आणि पेंढीसकट खाली आली. डोळे पांढरे. हाक मारली, ओ नाही.

वैद्य तिथेच होता. खालच्या गावचा म्हातारा, खळ्यावर आपला भाताचा वाटा न्यायला पिशवी घेऊन आलेला. बाईची नाडी डाव्या हाताला बघायची, बाप्याची उजव्या, ही रीत. त्याने रीतीप्रमाणे डावा हात धरला, तीन बोटं टेकली, डोळे मिटले. बराच वेळ तसाच बसला. मग हात खाली ठेवला आणि आईकडे बघून म्हणाला, "संपलं."

खळं शेणाने सारवलेलंच होतं. त्यामुळे भुईवर घ्यायचंही काम उरलं नव्हतं. आई घराकडे पळाली, तुळशीचं पान आणि तांब्या घेऊन आली. मी काय करत होतो? हातात पेंढी धरून उभा होतो. दुसरं काही आठवत नाही.

आईने पान तोंडात ठेवलं, वरून पाणी सोडलं. हिला ठसका लागला. पान हनुवटीवर आलं. डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून दोन भारं ऱ्हायलेत न्हवं?"

शेजारच्या दोन बाया किंचाळत बांधावरून खाली उड्या टाकून गेल्या. आईच्या हातातला तांब्या भातावर सांडला. वैद्याने घाईघाईने पुन्हा हात धरला. पुन्हा डावाच. पुन्हा तीन बोटं. नाडी नव्हतीच. आणि ही त्याच्या तोंडाकडे टकमक बघत होती.

"सोडा हात. दुखतोय," ती म्हणाली.

वैद्याने रिकामी पिशवी खांद्याला लावली आणि उतार धरला. वाटा न घेता गेलेला वैद्य मी तेवढाच बघितला.

हसायची गोष्ट इथे संपते. त्या संध्याकाळी आईने हिला उंबऱ्यात अडवलं.

"तोंडात तुळस पडलेली बाय. चुलीपाशी नको. देवापाशी नको."

"आये, ती जिती हाय."

"जिती हाय तर नाडी कुठं हाय? दाव मला."

मी मनगट धरलं. नव्हती. आई म्हणाली, "आता सांग. चालते, बोलते नि नाडी नाय. आसं मानूस बघितलंस कधी?"

हिची पथारी पडवीत गेली. जेवण पडवीत, पाणी वेगळ्या गाडग्यात. पाणवठ्यावर बाया हिला पुढे जायला वाट द्यायच्या, आणि ती मानाने दिलेली वाट नव्हती. सगळ्यांत वाईट सांगतो. आमच्याकडे म्हणतात, भुताचे पाय उलटे असतात. एका सकाळी ती पडवीत बसली होती आणि मी, तिचा नवरा, वाकून तिचे पाय बघितले. सरळ आहेत का म्हणून.

तिने बघितलं मी काय बघतोय ते. लुगडं घोट्याच्या वर केलं आणि दोन्ही पाय पुढे केले. "सरळच हायत. घ्या, नीट बघून घ्या."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी तशीच तिला उठवली, पोलादपूरपर्यंत चालत नेली आणि महाडच्या एस.टी.त बसवली.

महाडला एक म्हातारे डॉक्टर होते. कोट, धोतर, काळी टोपी. त्यांनी डावा हात बघितला, मग उजवा. वैद्याने उजवा बघितलाच नव्हता. उजव्यात नाडी होती पण बारीक, तुटायला आलेल्या दोऱ्यासारखी. गळ्याला नळी लावून ऐकलं. मग म्हणाले, "बाई, पाय पुढे करा." आणि खाली वाकले.

मी चपापलो. एवढा मोठा माणूस माझ्या बायकोच्या पायाशी. तिने पाय झटकन मागे घेतला. "नको वो डाक्टर. पाप लागंल मला."

"पाप मला लागू दे. पाय आणा." त्यांनी घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे बोट टेकलं. मान हलवली. मग मला बोलावलं. "या इकडे. ठेवा बोट."

"मी?"

"नवरा तुम्हीच ना?"

मी बोट ठेवलं. ठक्, ठक्, ठक्. चांगली जोरात. बेडकाचा गळा उडतो तशी. माझं बोट वर उचलत होती. महिनाभर मी जे शोधत होतो ते तिच्या पायात होतं. कुणी तिथे बघितलंच नव्हतं. सुनेच्या, बायकोच्या पायाला हात लावतो कोण?

"नाडी आहे," डॉक्टर म्हणाले. "हातात नाही, एवढंच. हाताकडे जाणाऱ्या मोठ्या नळ्या बुजत चालल्यात. का, ते मुंबईला बघतील."

मुंबईत तीन आठवडे मी इस्पितळाच्या व्हरांड्यात पडून होतो. तिथे एक तरुण डॉक्टर होता. गोरापान, बोलणं पुण्याकडचं. तो रोज यायचा आणि मी रोज त्याला एकच विचारायचो, "माझ्या बायकोला झालंय काय?" एके दिवशी कंटाळला असेल. म्हणाला, "चला, दाखवतोच."

एका खोलीत भिंग होतं, खालून उजेड येणारं. त्याखाली काचेची पट्टी. "ही दुसऱ्या एका बाईची नळी आहे. वारली ती. आजार हाच. एक डोळा मिटा."

मला वाटलं होतं रक्त दिसेल. दिसलं गुलाबी कडं, बांगडीसारखं, पण बांगडीचं भोक बुजत आलेलं. आणि त्या जाड कड्यात निळे ठिपके. सांडलेल्या नाचणीसारखे. कुठे ढीग, कुठे विरळ. मध्येच एखादा मोठा, वालाएवढा.

"हे ठिपके म्हणजे पांढऱ्या पेशी," तो म्हणाला. "प्रत्येकाच्या रक्तात असतात. तुमच्या, माझ्या. त्यांचं काम राखणीचं. जखमेत घाण शिरली, रोगाचे जंतू शिरले, की त्या धावून जातात. पण रक्त वाहतं ते नळीच्या पोकळीतून. भिंतीत यांचं काही काम नाही."

"मग भिंतीत कशाला शिरल्या?"

"तेच तर. या नळीच्या भिंतीलाही रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांतून बाहेरच्या अंगाने आत घुसल्यात. आत शत्रू कुणी सापडत नाही. तरी लढतायत. लहान पेशी मोठ्यांना बोलावतात, मोठ्या एकमेकींना चिकटून आणखी मोठ्या होतात. भिंत सुजते, जाड होते, मग घट्टे पडतात. आतली वाट अरुंद होत जाते. रक्त पुढे जात नाही. म्हणून हाताला नाडी नाही."

मी डोळा भिंगावरून काढला. म्हटलं, "ह्ये मी बघितलंय."

तो हसला. "कुठे?"

मग मी त्याला राबाची गोष्ट सांगितली. हिचं दुखणं सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची. मी माझा राब भाजत होतो. शेण, कवळ, गवत, वर मातीचा थर, सगळं नीट रचून वाऱ्याच्या तोंडाने पेटवलेला. धूर जरा मोठा झाला. खालच्या वाडीत कुणीतरी हाळी दिली, वणवा लागला! वणवा म्हटलं की आमच्याकडे जेवता माणूस उठतो. तीसेक बाप्ये हिरवे टहाळे घेऊन चढ चढून आले आणि माझ्या राबावर तुटून पडले. मी ओरडतोय, "अरे राब हाय, माझा राब हाय!" कोण ऐकतो? धुरात मी पण त्यांना टहाळं मारणाराच वाटलो. झोडपून झोडपून राब विझवला, तुडवून चिखल केला. आणि मग सगळे माझ्याच ओटीवर बसले. दमले होते बिचारे. पाणी द्या, गूळ द्या. हिने सगळ्यांना भाकऱ्या घातल्या. एकाने तर मला सांगितलं, "आमी आलो म्हनून वाचलास."

तरुण डॉक्टर हसता हसता थांबला. "अगदी असंच," म्हणाला. "फक्त तुमची माणसं भाकरी खाऊन परत गेली. ही परत जात नाहीत."

"पर त्यांना हाळी दिली कुनी?"

"ते आम्हाला माहीत नाही."

मला तो आवडला तो ह्या उत्तरामुळे. मी विचारलं, "बरी होईल?"

"बरी नाही. पण जगेल."

"किती?"

"तेही माहीत नाही."

गोळ्या दिल्या. पांढऱ्या, बारीक. त्या पेशींना गुंगवायच्या, म्हणजे भिंतीतला दंगा कमी होतो. खरंच झाला. चक्कर थांबली, उजव्या हाताची नाडी जरा जाड लागायला लागली. तोंड मात्र भोपळ्यासारखं गोल झालं. वाडीत बाया म्हणाल्या, "मुंबईचं पानी बरं मानवलं." ही म्हणाली, "भूत कधी येवढं बाळसं धरतं का गो? इचारा सासूबायना." पण पुढच्या पावसाळ्यात पायाला विळा लागला आणि जखम दोन महिने चिघळली. महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. म्हणाले, राखणदार गुंगवले की खरा चोर आला तरी ते उठत नाहीत. तेव्हापासून आमचं हे असं चाललं. गोळ्या वाढवल्या की जखमा, कमी केल्या की हात मेला.

मुंबईहून आलो त्याच दिवशी मी आईला समोर बसवलं. निळे ठिपके सांगितले, राब सांगितला. राब तिला कळला, तिचाच तो. मग म्हटलं, "आता हिच्या पायाला बोट लाव. नाडी हाय. तू म्हनालीस दाव, दावतो."

आई ताडकन उठली. "सुनेच्या पायाला हात लावू? मी? तुझ्या बापाने नाय बघितला आसला दिवस!"

"मग ती चुलीपाशी जानार."

"जाऊ दे. मी जेवनार नाय तिच्या हातचं."

त्या दिवसापासून एका घरात दोन चुली. एकीवर ही, एकीवर आई. सहा वर्षं. मध्ये चार हात जागा. मीठ संपलं तर आई शेजारी जायची, पण चार हात ओलांडायची नाही.

आणि मी रोज सकाळी पाय हातात घ्यायचो. पहिल्यांदा ती लाजून मेली. "दार तरी लावा. कोन बघंल तर म्हनंल, नवरा बायकोच्या पाया पडतो." बघितलंच कुणीतरी. झाडावरून हाका यायच्या, "काय रे, देवीचं दर्शन झालं का? मग चढ वर!" मी शिव्या घालायचो आणि चढायचो. ती म्हणायची, "लागली ना? जिती हाय ना मी? मग सोडा पाय, चा उतू जातोय." आई त्या वेळी भिंतीकडे तोंड करून आपली चूल फुंकत बसायची. पण मागल्या पावसाळ्यात एका सकाळी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "लागली का आज?" मी म्हटलं, "लागली." ती पुन्हा फुंकायला लागली. एवढंच.

तर त्या माघातल्या दिवशी मी ऐनाच्या झाडावर होतो. दुपार कलली नव्हती. खालून आईची हाक आली. माझी आई कधी त्या रानात चढत नाही. मी कोयता वरच सोडला. उतरेपर्यंत ती घराकडे परत पळालीही होती.

ओटीवर वाल सांडले होते. ती त्यांत आडवी. डोकं एका कुशीला, आंबाडा डावीकडे कललेला. भोवती वाडी गोळा झालेली. वैद्यही होता, आता फार थकलेला. त्याने हात धरलेला नव्हता. एक बाई तांब्या घेऊन उभी होती आणि आई तिच्या आडवी उभी होती, दोन्ही हात पसरून.

"नाय म्हनते ना! तुळस घालायची नाय. हिची नाडी हातात नसते. त्याला येऊ द्या."

मी खाली बसलो. पाय हातात घेतला. बोट हाडामागे टेकलं. रोजची जागा, डोळे मिटूनही सापडायची. थांबलो. दुसरा पाय घेतला. थांबलो. बोटाला काही लागलं नाही.

"नीट बघ," आई म्हणाली.

"नाय लागत, आये."

"तुझं बोट कापतंय. तुला काय लागनार?" आणि ती माझ्या बाजूला भुईवर बसली. "कुठं असते, मला दाव."

सगळी वाडी बघत होती. मी आईचं बोट धरलं आणि माझ्या बायकोच्या घोट्याला लावून दिलं. आई डोळे मिटून बसली. सवाष्ण गेली की बाया तिच्या पाया पडतात, ते मी बघितलंय. टेकतात आणि उठतात. आई उठली नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर, पुन्हा पहिल्यावर. घाई करा म्हणायचं कुणाला धाडस झालं नाही. शेवटी तिने पाय पोटाशी धरला आणि म्हणाली, "सहा वरसं ह्या हितं होती रं. नि मी हात नाय लावला."

तुळस आईनेच घातली. दिवस असतानाच ओढ्याकाठी नेली. आंबाडा सोडायचा का, असं एका बाईने विचारलं. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्या वेळेला उठलो. दोन्ही चुली थंड होत्या. सवयीने गेलो आणि तिच्या पथारीच्या पायथ्याशी बसलो. पथारी नव्हती, नुसती भुई होती. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. जरा सरकली, लुगडं सावरलं आणि आपला पाय पुढे केला.

मी बोट ठेवलं. म्हातारी कातडी, भेगा, मातीचा वास. ठक्, ठक्.

"लागती का?" आईने विचारलं.

"लागती."

मग मी उठलो आणि म्हशीला सोडायला गेलो.